मूळ मालकाची जबाबदारी

कंत्राटदारामार्फत कामगार नेमले की भविष्य निर्वाह निधीची जबाबदारीही कंत्राटदाराकडे गेली, असा सोयीस्कर समज कारखानदारांत आणि नगरपालिकांत रूढ आहे. कायद्याला तो मान्य नाही. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने आणि १९५२ च्या निर्वाह निधी योजनेने कंत्राटी कामगारांच्या वर्गणीचे दायित्व मूळ मालकावरच टाकले. ती रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याची मुभा त्याला दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले. वेतनातून कापलेली वर्गणी निधीत न भरणे हा तर १९७३ पासून फौजदारी विश्वासघात ठरला आहे.

तरीही ही लूट चालते, कारण तिचे मूळ निविदेत आहे. किमान वेतन आणि वर्गणी यांच्या बेरजेहूनही कमी दराची निविदा जो स्वीकारतो, त्याला ही तूट कोणाच्या पदरातून भरून निघणार हे पुरते ठाऊक असते. ती सफाई कामगाराच्या आणि पहारेकऱ्याच्या म्हातारपणातून भरून निघते. म्हणून अशी निविदा फेटाळलीच पाहिजे. आणि प्रत्येक कामगाराच्या खात्यात वर्गणी जमा झाल्याची खातरजमा केल्याखेरीज कंत्राटदाराचे देयक चुकते होता कामा नये. काम करवून घेणाऱ्याला एवढे बंधन जाचक वाटण्याचे कारण नाही.