शर्यत तुमची, नदी सगळ्यांची

गेल्या दिवाळीत आमचा मावसभाऊ इंदूरहून सहकुटुंब आला होता. राहतो छत्रीबागेत, होळकरांच्या छत्र्या आहेत त्या वस्तीत. तीन पिढ्या तिकडेच गेल्यामुळे त्याच्या मराठीत मधूनच हिंदी डोकावते. बेतीच्या फेरीबोटीत उभे राहून त्याने मांडवीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "काय मोकळं पाणी आहे रे! इथे कसला आलाय ट्रॅफिक? आमच्या राजवाड्यासमोर एकदा येऊन बघ."

त्याचे मी मनावर घेतले नाही. ज्याने जन्मात बंदर पाहिले नाही त्याला पाणी मोकळेच दिसणार. मनावर घ्यावे लागते ते आपल्याच पणजीतल्या शिकल्यासवरल्या मंडळींचे. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचा विषय निघाला की यांच्या तोंडी ठरलेले वाक्य असते : "दोन दिवस त्या ट्रॉलरांना आणि होडीवाल्यांना बाजूला करा, नदी मोकळी होईल." जणू नदी म्हणजे लग्नाचा हॉल, आधीचे पाहुणे उठवले की पुढची पंगत बसवायला मोकळी!

शर्यतींना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. जिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादई' आपल्या दिवाडी बेटावर बांधली गेली, आणि नाव तिला आपल्या नदीचे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा शिडाच्या होड्यांच्या शर्यतीही इथल्याच पाण्यात झाल्या. हे सगळे भूषणावह आहे. माझे भांडण आहे ते रहदारी म्हणजे अडथळा आणि शर्यत म्हणजे नदीची मालकीण, या समजुतीशी.

मांडवीच्या मुखाशी काय काय चालते ते बघा. मालीमच्या धक्क्यावरून ट्रॉलर समुद्राकडे जातात आणि परत येतात. बेती-पणजी फेरीबोट नदी आडवी कापते. संध्याकाळ झाली की गाणीबजावणी करत पर्यटकांच्या बोटी फिरतात. कॅसिनो नांगर टाकून बसलेले आहेत, आणि त्यांची गिऱ्हाइके ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींची ये-जा थांबत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर बार्जेस कमी झाल्या, पण बार्ज दिसली की आजही बाकीच्यांनी दूर व्हावे हे उत्तम. भरलेल्या बार्जला ब्रेक नसतो. इंजिन उलटे फिरवले तरी ती बराच वेळ पुढेच जात राहते. या सगळ्यात जाळी टाकून बसलेला पातीवाला वेगळाच. त्याला हॉर्न वाजवून हलवता येत नाही, कारण त्याचे जाळे पाण्यात असते.

आता यात शर्यत आणून सोडा. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, ती नागमोडी जाते. थोडी डावीकडे, मग वळण घेऊन उजवीकडे. आपल्याकडे दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो, म्हणजे साधारण मांडवीच्या मुखातून आत. वाऱ्याच्या दिशेने जायची खूण मुखाकडे ठेवली, की वीस-पंचवीस होड्या दर चार मिनिटांनी बोटींची वाट आडवी कापणार. फेरीबोटीच्या सुकाणूवर असलेल्या माणसाने समोरची होडी कुठे वळेल हे कसे ओळखायचे? ती वळणार ते तिच्या मागच्या होडीला चकवण्यासाठी, त्याच्या सोयीसाठी नव्हे.

"पण शिडाच्या होडीला इंजिनवाल्याने वाट द्यायची असते ना?" हा प्रश्न हमखास येतो. अर्धवट ज्ञान ते हेच. समुद्रावरचे टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत उघड्या पाण्यात तसे आहे खरे. पण त्याच नियमांत अरुंद वाटेसाठी वेगळे कलम आहे. जे जहाज फक्त त्या वाटेतूनच सुरक्षित जाऊ शकते, त्याच्या आड शिडाच्या होडीने यायचे नाही, आणि वीस मीटरपेक्षा लहान होडीनेही यायचे नाही. मासेमारी करणाऱ्यानेही वाटेने जाणाऱ्याला अडवायचे नाही, हेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे नियम कुणाचीच बाजू घेत नाहीत. शर्यतींच्या नियमपुस्तकातही स्पष्ट आहे, की शर्यतीत नसलेली बोट समोर आली तर आपसातले शर्यतीचे नियम बाजूला ठेवायचे आणि समुद्राचे सर्वसाधारण नियम पाळायचे. शर्यतीतल्या होडीला शर्यतीत आहे म्हणून जादा हक्क मिळत नाही. हे एक वाक्य पणजीतल्या शर्यतप्रेमींनी भिंतीवर लावावे.

खेळाडूंना हे ठाऊक नसते असे नाही, पण ठाऊक असूनही घडते. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉल्वो ओशन रेसमधली एक होडी हाँगकाँगजवळ रात्रीच्या वेळी मासेमारी बोटीवर आदळली. शर्यतीच्या त्या टप्प्याचा शेवट अगदी जवळ आला होता, आणि होडीवर जगातले नामांकित खलाशी होते. बोट बुडाली, दहा मच्छीमारांपैकी नऊ वाचले, एक गेला. त्या रात्रीच्या बातम्यांत कुणाचा कितवा नंबर लागणार होता हेही होतेच. मेलेला माणूस कुठल्याही शर्यतीत नव्हता. तो आपले काम करत होता.

लांबचे कशाला? १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा माणसे गेली. ती शर्यत नव्हती, कबूल. पण मुद्दा तोच आहे. रोजच्या वाहतुकीच्या पाण्यात एक वेगळीच, वेगाची, वळणावळणाची हालचाल चालू होती आणि त्या दोघांच्या मध्ये कुठली रेघ नव्हती. चाचणी असो, शर्यत असो, सिनेमाचे शूटिंग असो. जे नेहमीचे नाही त्याला वेगळे पाणी नेमून दिले पाहिजे आणि ते नेहमीच्या वाटेपासून दूर असले पाहिजे. दुर्घटनेनंतर चर्चा कशाची झाली? लाइफ जॅकेटची. आणि बोटीची परवानगी होती ८४ प्रवाशांची नि ६ कर्मचाऱ्यांची, वर माणसे होती शंभरहून जास्त, याची. दोन्ही मुद्दे खरे आहेत, महत्त्वाचेही आहेत. पण लाइफ जॅकेट ही टक्कर झाल्यानंतरची गोष्ट आहे. टक्करच होऊ नये याचे काय, यावर वर्तमानपत्रांत दोन कॉलमही आले नसतील. आठवड्याभरात, नाताळच्या दिवशी, आपल्या कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला, आणि पुन्हा तीच चर्चा झाली.

मी सरकारी कारकून आहे, म्हणून या पुढचे जरा आतल्या माहितीवर. असल्या कार्यक्रमाच्या ना हरकत दाखल्यात एक वाक्य असतेच : "आयोजकांनी सुरक्षिततेची सर्व ती खबरदारी घ्यावी." वर्षानुवर्षे हे वाक्य एका फायलीतून दुसऱ्या फायलीत उतरते. त्याचा अर्थ इतकाच की उद्या काही झाले तर आमच्याकडे येऊ नका. कुठली खबरदारी, कुणी घ्यायची, कितीच्या ठोक्याला, यातले काहीही त्यात नसते. आणि नदीवर हक्क सांगणारी खाती किती! बंदर कप्तान खाते आहे, फेरीबोटींचे नदी परिवहन खाते आहे, मच्छीमारी खाते आहे, किनारी पोलीस आहेत. २०१६ च्या कायद्याने मांडवी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६८ झाली, झुवारी १११, कुंभारजुव्याचा कालवा २७. त्यावेळी आपण गोंयकारांनी नद्या कुणाच्या म्हणून केवढा आवाज केला! तो रास्तच होता. पण शर्यतीच्या दिवशी दुपारी तीन वाजता, समोरून ट्रॉलर येत असताना, "थांबवा" म्हणायचा अधिकार कुणाचा, हे मात्र कुणी विचारत नाही. कागदावर तो सगळ्यांचा असतो. पाण्यावर कुणाचाच नसतो.

थांबवण्याची सोय तर खेळातच केलेली आहे. शर्यत-समितीची होडी सुरुवातीच्या रेषेवर उभी असते. तिने लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे निशाण दोन भोंग्यांसह वर चढवले की सुरुवात पुढे ढकलली. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे निशाण तीन भोंग्यांसह लावले की चालू शर्यत रद्द. सुरक्षिततेच्या कारणासाठी समितीला तो अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. पण हे निशाण मालीमच्या तांडेलाला कळते का? फेरीबोटीच्या खलाशाला? त्यांना कुणी सांगितले आहे का, की ती पिवळी फुगलेली बोया म्हणजे शर्यतीची खूण आहे, जाळ्याची नव्हे? आणि समितीच्या होडीवर बसलेल्यांना तरी फेरीबोट कोणत्या वेळी कुठल्या धक्क्याहून सुटते ते ठाऊक असते का? रेडिओ दोघांकडे असेल, पण कुणी कुठल्या चॅनेलवर कान ठेवायचा हेच ठरलेले नसेल तर तो खोका काय कामाचा?

आणि खरा उपद्रव शर्यतीतल्या होड्या करतच नाहीत. करतात बघे. भाड्याच्या स्पीडबोटी, फोटोवाले, आणि सन्माननीय पाहुण्यांना घेऊन शर्यतीच्या मधोमध घुसणारी ती एक बोट, जिला अडवायची कुणाची छाती नसते. तिच्या लाटेनेच लहान होडी कलंडते. सिडनीला दर वर्षी २६ डिसेंबरला होबार्टची शर्यत सुटते तेव्हा बंदरातली शर्यतीची हद्द आधी जाहीर होते आणि बघ्यांना तिच्या बाहेर राहावे लागते. तिथे बघ्यांना शिस्त, इथे कामकऱ्यांना हुसकावणे. फरक एवढाच.

आपल्या लोकांना पाण्यावर शिस्त नाही, हेही ऐकवले जाते. कुंभारजुव्याचे सांगोड पाहिले आहे ना? दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर मंच करतात, वर गणपती, सोंगे, चित्ररथ, आणि काठावर सगळा गाव. पाणी कधी भरते, सुकती कधी लागते हे तिथल्या जाणत्या माणसांना पंचांगासारखे पाठ असते. शिवोलीला सांजांवाच्या होड्या येतात, साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारीच्या रात्री वाळवंटीत होड्या सोडतात. या गर्दीला जी काही शिस्त आहे ती गावाची आहे. उलट भोपाळचे बघा. १३ सप्टेंबर २०१९ ला पहाटे छोट्या तलावात खटलापुरा घाटावर विसर्जनाच्या वेळी अशाच दोन जोडलेल्या होड्या उलटल्या आणि अकरा जण बुडाले. युक्ती तीच, दोन होड्या बांधायची. फरक पडतो तो किती माणसे चढली हे बघणारा आणि "पुरे" म्हणू शकणारा माणूस तिथे होता की नव्हता याने. शर्यतीलाही तसाच माणूस लागतो. तो मालीमचा तांडेल असला तर मला अधिक आवडेल, कारण त्याच्या शब्दाला धक्क्यावर वजन आहे.

म्हणून मागणी साधी आहे. शर्यतीच्या खुणा बोटींच्या वाटेबाहेर मांडा. वाऱ्यामुळे ते जमत नसेल तर जागा बदला, दोनापावलाच्या बाजूला मोकळे पाणी आहे. तिथेही रापणकार आणि पातीवाले आहेतच, त्यांना आधी विचारा. फेरीबोट थांबवायची नाही. बेतीहून कामाला आणि इस्पितळात जाणाऱ्याला शर्यतीशी देणेघेणे नाही. फेरी सुटायच्या वेळी शर्यतीने थांबायचे. समितीच्या होडीवर बंदर कप्तान खात्याचा एक अधिकारी हवा, आणि दाखल्यावर "आयोजक" ऐवजी त्याचे नाव हवे, हुद्द्यासकट. मच्छीमाराचा दिवस बुडणार असेल तर त्या दिवसाचे पैसे शर्यतीच्या खर्चात धरा. तंबू, जेवण आणि पाहुण्यांच्या शालींचे पैसे धरता, तसेच.

आणि ते पत्र वेळेत पोचू द्या. शर्यत संपल्यावर तिसऱ्या दिवशी धक्क्यावर चिकटवलेली परिपत्रके मी पाहिली आहेत. आठ दिवस आधी मालीमला आणि बेतीला कुणीतरी उभे राहून ते मोठ्याने वाचून दाखवावे. कोकणीत वाचा. छापायचे देवनागरीत की रोमीत, तो वाद नंतर घालू.