डॅशबोर्डावरील तांबडा दिवा

दारांत मोटार असणें ही आतां श्रीमंतीची खूण राहिलेली नाहीं. दहाबारा वर्षें वापरलेली, थोरल्या भावाकडून धाकट्याकडे किंवा सासऱ्याकडून जांवयाकडे आलेली गाडी आज पुष्कळ घरीं आढळते; आणि अशा गाडीसंबंधीं आमच्या परिचितांकडून जे प्रश्न येतात त्यांत एक वारंवार येतो. गाडी उत्तम चालते, ब्रेक उत्तम लागतात. परंतु चालकासमोरील फलकावर, बसलेल्या माणसाच्या तोंडापुढें फुगा असलेली जी लहानशी आकृति असते, ती तांबडी पेटते व विझत नाहीं. तिच्याकडे लक्ष द्यावें कीं न द्यावें? ‘गाडी चालते ना, मग झालें’ असें कित्येकांचें मत असतें. तें आम्हांस मान्य नाहीं. कां मान्य नाहीं, हें या खेपेस सांगावयाचें आहे.

एअरबॅग म्हणजे घडी घालून ठेवलेली कापडी पिशवी. (आमचे एक संस्कृताभिमानी स्नेही तिला ‘वायुकोश’ म्हणतात, शब्द चांगला आहे, पण कारखान्यांत जाऊन तो उच्चारल्यास कोणास कळणार नाहीं.) चालकाची पिशवी स्टिअरिंगच्या चाकांत असते, शेजारच्या उतारूची त्याच्यासमोर डॅशबोर्डाच्या झाकणाखालीं. गाडीस जोराची धडक बसली कीं, गाडीच्या मध्यभागीं बसविलेलें एक लहान यंत्र विजेचा झटका पाठवितें, त्यानें पिशवीमागील धातूच्या डबींतील रसायन पेटतें, वायु उत्पन्न होतो, आणि एका सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आंत पिशवी फुगून उभी राहते. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. हा प्रसंग बहुतेक गाड्यांच्या जन्मांत एकदांही येत नाहीं. आला तर मात्र पहिल्याच वेळीं सर्व कांहीं बिनचूक घडलें पाहिजे. पिशवी नीट आहे कीं नाहीं हें फुगवून पाहतां येत नाहीं. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण येथें चालत नाहीं. अनुमानावर भागवावें लागतें.

त्या अनुमानाचें साधन म्हणजे हा दिवा. किल्ली फिरवितांच तें यंत्र प्रत्येक तारेंतून अत्यल्प प्रवाह सोडून तिचा रोध मोजून पाहतें. तेवढा वेळ, म्हणजे सुमारें पांचसहा सेकंद, दिवा पेटलेला असतो. सर्व ठीक असल्यास विझतो. न विझला, अथवा विझून वाटेंत पुन्हां पेटला, तर त्या मंडळांत कोठें तरी दोष आहे असें समजावें. अशा स्थितींत धडक बसल्यास पिशवी उघडेलच, असा भरंवसा कोणीही देऊं शकत नाहीं. एअरबॅगेबरोबर पट्टा क्षणार्धांत आंवळणारी योजनाही बहुधा त्याच यंत्राच्या ताब्यांत असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दिवा पेटला म्हणजे एक पिशवी गेली एवढेंच नव्हे. कित्येक गाड्यांत सगळीच व्यवस्था निजून राहते.

येथें एक घोटाळा होतो. कांहीं गाड्यांत उतारूच्या बाजूच्या एअरबॅगेचा निराळा, पिवळसर दिवा असतो, आणि त्याजवळ ‘ऑफ’ असें लिहिलेलें असतें. तो रोग दाखवीत नाहीं. आसन रिकामें असलें, किंवा त्यावर लहान मूल बसलें, तर आसनाच्या गादींतील वजन ओळखणारी योजना ती पिशवी मुद्दाम बंद ठेवते; कोठें कोठें तीच गोष्ट किल्लीनें हातानें करावी लागते. पाठ पुढें करून बसवावयाची तान्ह्या मुलाची खुर्ची समोरच्या आसनावर चालू एअरबॅगेपुढें कधींही ठेवूं नये, या नियमासाठीं ही सोय आहे. मात्र वयस्क माणूस नीट टेकून बसला असतांही ‘ऑफ’ विझत नसेल, तर तेथें तपासणी हवी.

आतां दोष शोधावयाचा कसा? आमच्या पुतण्याच्या गाडीचें उदाहरण देतों, कारण तें नमुनेदार आहे. गाडी 2013 सालची, वरच्या दर्जाची, म्हणून उतारूच्या आसनाच्या बाजूसही एअरबॅग असलेली. पावसाळ्यांत पायाखालीं पाणी शिरलें, सतरंजी कुजूं लागली, म्हणून त्यानें आसनें काढून गाडी उन्हांत वाळविली. दुसऱ्या दिवशीं तांबडा दिवा लागला तो लागलाच. एका कारखान्यांत त्यास सांगण्यांत आलें कीं, उतारूकडील एअरबॅग बदलावी लागेल. पुतण्या आमच्याकडे आला तो तोंड उतरवून. “काका, एवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल,” असें म्हणाला. आम्हीं त्यास आमच्या पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रींकडे नेलें. त्यांनीं गाडीकडे पाहण्यापूर्वींच विचारलें, “साहेब, सीट काढली होती काय? आणि सीट बाहेर असतांना चावी फिरवली काय?” फिरविली होती, गाणीं ऐकण्यासाठीं.

आसन बाहेर असतांना किल्ली फिरली म्हणजे यंत्रास तार तुटलेली दिसते. तें आपल्या स्मृतींत दोषाची नोंद करतें, आणि मागाहून तार जोडली तरी पुष्कळ गाड्यांत ती नोंद आपोआप पुसली जात नाहीं. मिस्त्रींनीं वाचक यंत्र लावून नोंद वाचली. अशा नोंदी ‘बी’ अक्षरानें आरंभ होतात. मात्र बाजारांतील स्वस्त वाचक यंत्रें बहुधा एंजिनाच्याच नोंदी वाचतात, हें विकत घेण्यापूर्वीं विचारून घ्यावें. नोंद आसनाखालील मंडळाचीच निघाली. मग त्यांनीं किल्ली काढली, बॅटरीची ऋण तार सोडविली, आणि चहा मागविला. पुतण्यास वाटलें, हा विश्रांतीचा चहा. वस्तुतः तो कामाचाच भाग होता. यंत्रांत कांहीं वीज सांठविलेली असते, ती उतरेपर्यंत थांबावें लागतें. हा अवधि निरनिराळ्या गाड्यांस निरनिराळा सांगितलेला असतो, कांहींस तीन मिनिटें. चहाएवढा वेळ देण्यांत तोटा नाहीं. नंतर आसनाखालचा पिवळा जोड उघडला. आंत हिरवट गंज, आणि खटका अर्धवट बसलेला. जोड साफ करून घट्ट बसविला, बॅटरी जोडली, नोंद पुसली, गाडी दोन वेळां फिरवून आणली. दिवा विझला तो आजतागायत विझलेला आहे.

पिवळा रंग एअरबॅगेच्या तारांसाठीं राखलेला असतो, व तो पाहतांच घरच्या कारागिरानें हात आवरावा. साध्या मीटरनें पिशवीचा रोध मोजूं जाणें हा शुद्ध वेडेपणा आहे. मीटरांतूनही प्रवाह जातो, आणि पिशवी तोंडावर फुटूं शकते. घरीं करण्यासारखें एवढेंच: आसनाखालीं छत्री, पाण्याची बाटली, चपला कोंबलेल्या असल्यास त्या काढाव्या, उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय हें विजेरीनें पाहावें, बॅटरी फार जुनी असल्यास ती तपासून घ्यावी, कारण दाब कमी झाल्यानेंही कधीं कधीं हा दिवा लागतो. डॅशबोर्डावर गणपति बसविण्याची आपल्याकडे चाल आहे. ती उतारूपुढील झाकणावर मात्र नको. झाकण उघडलें म्हणजे तीच मूर्ति गोफणीच्या दगडासारखी अंगावर येईल.

दुसरा एक प्रकार नीच आहे, पण तो चालतो. जुनी गाडी विकतांना दिव्याचा गोळाच काढून टाकतात. अथवा पिशवी फुटून गेली असतां तिच्या जागीं तेवढ्याच रोधाचा तुकडा जोडतात, म्हणजे यंत्र फसतें व दिवा निमूट विझतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानें किल्ली फिरवितांना दिवा विझतो कीं नाहीं एवढेंच न पाहतां, प्रथम पेटतो कीं नाहीं हें पाहावें. भारतांत उतारूकडील एअरबॅग नव्या प्रकारच्या गाड्यांस 1 एप्रिल 2021 पासून व आधींच्या प्रकारांस त्या वर्षाच्या अखेरीपासून सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत ती मुळांतच नाहीं. विकणारा ‘आहे’ म्हणाला, तरी झाकणावरील अक्षरें वाचून खात्री करावी.

येथवर दिव्याची बाजू झाली. आतां त्याची मर्यादा. नैयायिक धुरावरून अग्नीचें अनुमान करतात, परंतु धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं असें म्हणूं देत नाहींत. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत धूर नसतो, आणि हात तर भाजतो. दिवा तारांची परीक्षा करतो, डबींतील रसायनाची नव्हे. जपानच्या टाकाटा कंपनीच्या डब्यांत अमोनियम नायट्रेट वापरलेलें होतें. वर्षानुवर्षें उष्णता व दमटपणा सोसून तें बिघडतें, आणि पेटतांना इतक्या वेगानें जळतें कीं, डबीच फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगांत शिरतात. 2008 पासून या डब्या बदलण्यासाठीं गाड्या परत बोलाविण्यास आरंभ झाला, अनेक मोटार कंपन्यांच्या कोट्यवधि गाड्या त्यांत सांपडल्या, अनेक माणसें दगावलीं, आणि 2017 च्या जूनमध्यें टाकाटानें दिवाळें काढलें. भारतांतल्याही गाड्या त्यांत होत्या. कोंकण-गोव्याच्या हवेंत दहापंधरा वर्षें काढलेल्या गाडीच्या मालकानें तर ही चौकशी अवश्य करावी. अशा गाडीचा तांबडा दिवा वेळेवर पेटतो, वेळेवर विझतो.

चौकशीस खर्च नाहीं. नोंदणीच्या कागदावर 17 अक्षरांकांचा चॅसिस क्रमांक असतो. तो गाडी बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर घालावा, अथवा तिच्या दुकानीं दाखवावा. गाडी त्या यादींत निघाली तर डबी विनामूल्य बदलून मिळते, मग गाडी तिसऱ्या मालकाकडे असो कीं चौथ्या. पुतण्याच्या गाडीचा क्रमांक आम्हीं त्याच संध्याकाळीं त्याजकडून घालविला. यादींत नव्हता.