घर पाहावे बांधून. पण कोणाच्या डोळ्यांनी?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा, विकणारा आणि घेणारा हे बहुधा एकाच पंचक्रोशीतले असत. गवंडी माहितीतला, तलाठी ओळखीचा, आणि कोणत्या बांधाचा तंटा कोणत्या पिढीपासून चालत आला हेही पारावर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक. माहिती मिळविण्यासाठी वेगळा खर्च पडत नसे, कारण ती गावातच वावरत असे. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांतून शनिवार-रविवारी परदेशातील घरांची प्रदर्शने भरतात. गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रे, समुद्राकडे उघडणारे सज्जे आणि अदबीने बोलणारे तरुण यांच्या साक्षीने एक सोपे गणित मांडले जाते : घर घ्या, सुटीत राहा, उरलेले महिने भाड्याने द्या, हप्ता भाड्यातूनच फिटेल. या गणितात एकच गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि ती म्हणजे गणित मांडणारा खरे बोलत आहे.

हा धनिकांचा प्रश्न आहे, शिक्षक-कारकुनांनी त्याची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. परंतु ज्या घरांतील मुलेमुली आखातात वा युरोपात नोकरीस आहेत, त्या घरांत निवृत्तीच्या वेळी हाती आलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आणि मुलाने पाठविलेले पैसे एकत्र करून ‘तिकडेच एक लहानसे घर’ घेण्याचा विचार आता नवलाचा राहिलेला नाही. शिवाय, परदेशी घरांच्या व्यवहारात ज्यांचे हात सर्वाधिक पोळले तेही कोट्यधीश नव्हते, तर आयुष्यभराची पुंजी घेऊन उन्हाच्या शोधात निघालेले साधे नोकरदार होते. त्यांच्या अनुभवाकडे म्हणूनच पाहिले पाहिजे.

स्पेनच्या किनाऱ्यावरील धडा

स्पेन १९८६ साली युरोपीय समुदायात सामील झाला आणि पुढील दोन दशकांत त्याच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावर ब्रिटिश, जर्मन व डच लोकांच्या सुटीच्या घरांची दाटी झाली. अनेकांनी दोन-तीन दिवसांच्या ‘पाहणी सहली’त घर पसंत केले. सहलीचा खर्च विक्रेत्याचा, मोटार विक्रेत्याची, दुभाष्या विक्रेत्याचा, आणि पुष्कळदा वकीलही विक्रेत्यानेच सुचविलेला. कागद स्पॅनिश भाषेत होते, ते वाचणारा दुसरा कोणी नव्हता.

मग एकेक कायदा पुढे येऊ लागला. १९८८ च्या किनारा कायद्याने समुद्रालगतची पट्टी सार्वजनिक मालकीची ठरवली होती. त्या पट्टीत आधीपासून असलेल्या घरांच्या मालकांकडे मालकीऐवजी ठरावीक मुदतीचा वापरहक्क तेवढा राहिला. वॅलेन्सिया प्रांतात १९९४ च्या कायद्यान्वये विकासकाची योजना मंजूर झाली, की त्या क्षेत्रातील लहान मालकास जमिनीचा काही भाग सोडावा लागे आणि वर रस्ते-गटारांचा खर्चही भरावा लागे. याविरुद्ध एवढ्या तक्रारी गेल्या, की मार्च २००९ मध्ये युरोपीय संसदेला स्पेनमधील बेबंद नागरीकरणावर स्वतंत्र ठराव संमत करावा लागला. मार्बेया शहरात बांधकाम परवान्यांच्या भ्रष्टाचाराने असा कळस गाठला, की एप्रिल २००६ मध्ये स्पेनच्या सरकारने तेथील नगरपरिषदच बरखास्त केली.

जानेवारी २००८ मध्ये अल्मेरिया प्रांतातील वेरा या गावी एका निवृत्त ब्रिटिश दांपत्याचे घर यंत्रांनी जमीनदोस्त केले. नगरपरिषदेने दिलेला बांधकाम परवाना त्यांच्या हाती होता, परंतु तो देण्याचा नगरपरिषदेला अधिकारच नव्हता, असा वरच्या शासनाचा दावा होता. ते दांपत्य नंतर उरलेल्या गॅरेजमध्ये राहू लागले. कागद हाती असणे आणि तो कागद खरा असणे या दोन गोष्टींतील अंतर याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही.

त्याच वर्षी बाजारही कोसळला. २००७ नंतरच्या सुमारे सात वर्षांत स्पेनमधील घरांच्या किमती एक तृतीयांशाहून अधिक उतरल्या. ब्रिटिश पौंडाला २००७ साली सुमारे दीड युरो मिळत, ते २००८ च्या अखेरीस जवळजवळ एकावर आले. ज्यांनी अपुऱ्या इमारतींसाठी आगाऊ रकमा भरल्या होत्या, त्यांचे विकासक दिवाळखोरीत गेले. बाजारात तुरी असतानाच घरात भांडण, असा तो प्रकार. खेदाची बाब ही, की १९६८ पासून स्पेनमध्ये अशा आगाऊ रकमेस बँकेची हमी वा विमा असलाच पाहिजे, असा कायदा होता. असंख्य परदेशी ग्राहकांना तो ठाऊकच नव्हता, कारण तो सांगण्यात विक्रेत्याचे हित नव्हते. २०१५ च्या डिसेंबरात स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने या रकमा स्वीकारणाऱ्या बँकांनाही जबाबदार धरले. न्याय मिळाला, पण कित्येकांच्या वाट्याला तो उतारवयात आणि कोर्टकचेऱ्यांची पायरी झिजवून आला.

सायप्रसमध्ये प्रश्न याहून मूलभूत होता. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर बेटाच्या उत्तर भागातून ग्रीक सायप्रियट लोक परागंदा झाले. त्यांच्या जमिनींवर पुढे स्वस्त बंगले उठले आणि परदेशी लोकांनी ते घेतले. २८ एप्रिल २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की मूळ मालकाच्या बाजूने सायप्रसच्या न्यायालयाने दिलेला हुकूम ब्रिटनमध्येही अंमलात आणता येईल. बंगला स्वस्त का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडले असते.

गोव्याचा आरसा

परदेशी माणूस परक्या देशात कसा फसतो याचे उदाहरण पाहण्यासाठी मराठी वाचकाने फार दूर जाण्याचे कारण नाही. २००० नंतरच्या दशकात अनेक ब्रिटिश, रशियन व अन्य परदेशी नागरिकांनी गोव्यात घरे घेतली. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार येथे निवासी ठरण्यासाठी इतर अटींबरोबरच मागील आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य आवश्यक होते. उलट, पर्यटक म्हणून येणाऱ्यास साधारणतः १८० दिवसांपर्यंतच राहता येई. पर्यटकाला ही अट पुरी करणे जवळजवळ अशक्य आहे, हे सांगण्यासाठी कायदेपंडित लागत नाही, वजाबाकी पुरते. तरीही मध्यस्थांनी ‘सर्व काही नियमात बसते’ असे सांगितले आणि ग्राहकांनी ते मानले. पुढे सक्तवसुली संचालनालयाची चौकशी सुरू झाली, तेव्हा दलाली केव्हाच वसूल झालेली होती.

गोव्याच्या जमिनीत आणखीही गुंते आहेत. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते, आणि एकाच घराचे वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत विखुरलेले असू शकतात. १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना संरक्षण दिले आहे. जुन्या पोर्तुगीज काळातील दस्तऐवजांची बनावट करून जमिनी बळकावल्याच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. एक-चौदाचा उतारा पाहिल्यावाचून गोव्यात आणि सातबारा पाहिल्यावाचून कोकणात कोणी शहाणा माणूस जमीन घेणार नाही. मग तोच शहाणा माणूस समुद्र ओलांडताच छापील पुस्तिकेवर विश्वास कसा ठेवतो?

माहितीचा बाजार

अर्थशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. माहितीच्या विषमतेवरील या विचारासाठी २००१ मध्ये त्यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. परदेशातील सुटीच्या घराच्या व्यवहारात ही विषमता टोकास पोहोचते. भाषा परकी, कायदा परका, चलन परके, आणि ग्राहक तेथे राहत नसल्याने शेजाऱ्याकडून सत्य कळण्याचीही सोय नाही. अशा वेळी विषमता कमी करण्याचा मार्ग एकच उरतो : माहिती अशा माणसाकडून घ्यायची, की ज्याचे पोट त्या विक्रीवर अवलंबून नाही. सल्लागार हुशार आहे की नाही हा दुय्यम प्रश्न होय. त्याला पैसे कोण देतो, हा पहिला.

या कसोटीचा अर्थ व्यवहारात अगदी साधा आहे. वकील स्वतः शोधलेला असावा, विकासकाने सुचविलेला नसावा. स्पेनमध्ये नोंदणी कार्यालयातून अल्प शुल्कात मालमत्तेचा उतारा मिळतो, आणि मालक कोण, घरावर गहाण आहे काय, हे त्यात दिसते. गहाणाचे ओझे मालकाबरोबर जात नाही, ते घरालाच चिकटून राहते. नोटरी हा तेथे मोठा अधिकारी असला, तरी तो ग्राहकाचा वकील नव्हे. दुबईत २००७ च्या कायद्याने अपुऱ्या प्रकल्पांचे पैसे स्वतंत्र राखीव खात्यात ठेवण्याचे बंधन घातले. प्रकल्प नोंदलेला आहे काय आणि खाते कोणते, हे तेथील भूमी विभागाकडून स्वतः पडताळून घ्यावे. २००८ च्या मंदीत तेथील किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या आणि कित्येक इमारती कागदावरच राहिल्या, हे प्रदर्शनातील पुस्तिकेत छापलेले नसते. जागा उन्हाळ्यात पाहिली असेल तर ऐन हिवाळ्यात पुन्हा पाहावी, आणि भाड्याचा अंदाज विक्रेत्याला नव्हे, तर त्याच गल्लीतील जुन्या मालकाला विचारावा. घर घेतले म्हणजे राहण्याचा हक्क मिळाला, असेही नव्हे. १ जानेवारी २०२१ पासून स्पेनमध्ये स्वतःचे घर असलेल्या ब्रिटिश नागरिकालाही दर १८० दिवसांत ९० दिवसच तेथे राहता येते.

भारतीय ग्राहकाला याशिवाय स्वदेशाचे नियमही पाहावे लागतात. २००४ साली सुरू झालेल्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली आज एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठविता येतात. परंतु ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला, तेव्हा ही मर्यादा उतरविण्यात आली आणि या योजनेतून परदेशी स्थावर घेण्यासही बंदी झाली. ती पुढील वर्षी उठली. चार-पाच वर्षांच्या हप्त्यांचा करार करणाऱ्याने नियम तोवर जसाच्या तसा राहील, असे धरून चालणे धाडसाचे होय. रुपया उतरला, की घेतलेल्या घराची रुपयांतील किंमत वाढते हे खरे, पण शिल्लक हप्तेही तेवढेच फुगतात. परदेशी मालमत्ता प्राप्तिकर विवरणात दाखविली नाही, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. प्रदर्शनातील अदबशीर तरुण हे सांगत नाही, कारण ते त्याचे काम नव्हे.

स्वतंत्र चौकशी केली म्हणजे फसगत होणारच नाही, असा दावा अर्थातच करता येणार नाही. शासनाचीच दोन अंगे परस्परविरोधी बोलू लागली, तर वेरा येथील दांपत्यासारखा प्रामाणिक माणूसही भरडला जातो. म्हणूनच केवळ ‘ग्राहका, सावध राहा’ असे म्हणून शासनाला हात झटकता येणार नाहीत. आपला स्थावर मालमत्ता नियमन कायदा २०१६ चा, आणि त्याची कक्षा देशाच्या सीमेपाशी संपते. मुंबईतील हॉटेलात परदेशी इमारत विकणाऱ्या दलालाला तो प्रकल्प येथे नोंदवावा लागत नाही. अशा प्रदर्शनांच्या जाहिरातींत प्रकल्पाचा मूळ देशातील नोंदणी क्रमांक आणि दलालीची रक्कम छापणे सक्तीचे करावे, आणि पैसे बाहेर पाठविणाऱ्या बँकेने ग्राहकाच्या हाती त्याच्या भाषेतील एक पानभर इशारा द्यावा, एवढे करण्यास मोठा खर्च येणार नाही.

तोवर ग्राहकाने आपल्या वाडवडिलांचे शहाणपण जवळ बाळगावे. मुलीला स्थळ पाहताना घरचा माणूस दोन दिवस त्या गावी जाऊन राही, विहिरीवर, दुकानात, देवळात चौकशी करी, आणि मगच होकार कळवी. वरपक्षाने सांगितलेल्या गोष्टींवर कोणी मुलगी देत नसे. तीस वर्षांची शिल्लक देतानाही निदान तेवढी चौकशी व्हावयास हवी.