क्लब कोणाचा?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये फुटबॉलच्या नकाशावरून दोन नावे पुसली गेली. एक इंग्लंडमधील बरी आणि दुसरे आपले एफ. सी. पुणे सिटी. बरी १८८५ सालचा. १९०० आणि १९०३ साली त्याने मानाचा एफ. ए. कप जिंकलेला. पुणे सिटी जेमतेम पाच वर्षांचा. दोन्हीकडे दुखणे पैशाचेच होते. पुढे घडले ते मात्र अगदी वेगळे.

बरी हे मँचेस्टरजवळचे जुने गिरणगाव. डिसेंबर २०१८ मध्ये तिथला क्लब अवघ्या एका पौंडाला विकला गेला. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला या किमतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. असा खरेदीदार देणीच विकत घेत असतो. ती फेडण्याची तरतूद नव्या मालकाला दाखवता आली नाही आणि सव्वाशे वर्षांच्या या सभासदाला लीगने काढून टाकले. गाव मात्र गप्प बसले नाही. प्रेक्षकांनीच नवा संघ काढला, तो खालच्या पायरीवरून खेळू लागला. २०२२ मध्ये सरकारी निधीची जोड घेऊन ‘गिग लेन’ हे जुने मैदान सोडवले आणि २०२३ मध्ये जुन्याच नावाने संघ तिथे परतला.

आता आपल्याकडे पाहू. पिरामल समूहाचा पुणे एफ. सी. २००७ मध्ये निघाला आणि २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. आज तो नाही. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. २०१५ मध्ये एकाच हंगामानंतर बाहेर पडला. पुणे सिटी २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि पुढच्याच हंगामानंतर संपला. त्याची जागा हैदराबादला गेली, तिथून २०२५ मध्ये दिल्लीला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने तर २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये तोही बंद झाला.

यात उद्योगपतींना दूषणे देण्याचे कारण नाही. त्यांनी पैसा घातला म्हणूनच बालेवाडीला चांगला खेळ पाहायला मिळाला. पण क्लब जर एकाच्याच ताळेबंदातली खर्चाची ओळ असेल, तर ती ओळ खोडली गेली की सारेच संपते. प्रेक्षकांकडे तिकिटाच्या अर्धुकापलीकडे काय उरते?

मोठमोठे इंग्रजी क्लबही आरंभी कामगारांचेच होते. मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये रेल्वेच्या कामगारांनी काढला, आर्सेनल १८८६ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी. आपल्या मावळात काय कमी आहे? कान्हे स्टेशनवरून लोकल जाते, फाट्याच्या आसपास कारखाने आहेत, देहूरोडला दारूगोळ्याचा कारखानाही आहे. वर्गणी काढून उत्सव आणि कुस्त्यांचे फड भरवणे गावांना नवे नाही. पुण्यातले डेक्कन जिमखाना १९०६ पासून सभासदांच्या बळावर उभे आहे.

पुढे कुणी मावळात फुटबॉल क्लब काढायचे मनात आणलेच, तर आधी सभासद करावेत, हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचावा आणि मैदान संस्थेच्या नावावर ठेवावे. कंपनी पैसे देत असेल तर जरूर घ्यावेत; देणगीदार म्हणून तिचा फलकही लावावा, पण किल्ल्या सभासदांकडेच असाव्यात. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून क्लबांवर स्वतंत्र नियामक नेमला. मालकाची ऐपत तपासणे आणि मैदान परस्पर विकू न देणे ही त्याची कामे. त्यांना हे शहाणपण बरीसारखे क्लब बुडाल्यावर सुचले.

कान्हे-कामशेतची जी मुले पहाटेची लोकल पकडून सरावाला जातील, त्यांना एवढी तरी खात्री हवी, की पुढच्या हंगामातही आपला क्लब याच गावात असेल.