ऑस्करला स्थळ बघताना

मंडळी, गेल्या अंकात बेसमेंटमधल्या सम्प पंपाची कथा लिहिली, तेव्हाच ‘आता पुढच्या वेळी पाण्याचा विषय पुरे’ अशी घरातून ताकीद मिळाली होती. पण आमचा यंदाचा उन्हाळा पाण्यातच गेला, त्याला माझा इलाज नाही.

सुरुवात डिसेंबरच्या सुट्टीत झाली. मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला होता. बरीच घासाघीस होऊन तडजोड माशांवर झाली. २९ गॅलनचा टँक आणला. त्यात दहा निऑन टेट्रा, दोन एंजल आणि धाकटीला आवडला म्हणून दोन इंचांचा एक ऑस्कर. काळपट अंगावर नारिंगी नक्षी, गोल डोळे, आणि शेपटी हलवत काचेशी येण्याची लाघवी सवय. दुकानातल्या मुलाने ‘थोडा मोठा होतो’ एवढंच सांगितलं. थोडा म्हणजे किती, हे एका इंजिनियरने विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

ऑस्कर हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. पहिल्या वर्षात महिन्याला साधारण एक इंच वाढतो आणि फूटभर सहज होतो. फेब्रुवारीत निऑन दहाचे सात झाले. मेलेला एकही सापडेना, तेव्हा मला फिल्टरचा संशय आला आणि मी तो दोनदा उघडून पाहिला! मार्चअखेर निऑन संपले. मग एका एंजलचे पंख कुरतडलेले दिसले. दुसरा हीटरमागे लपून बसायचा. एप्रिलमध्ये इंदापूरहून माझी आई आली, तिने दोन दिवस हा प्रकार पाहिला आणि त्याचं बारसं करून टाकलं: बकासुर. मुलांनी त्याचा ‘बकू’ केला.

इथे जरा गणित सांगतो. ‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. त्या हिशेबाने दहा इंचांचा एक मासा म्हणजे एकेक इंचाचे दहा मासे. पण लांबी दहापट झाली की रुंदी आणि उंचीही साधारण दहापट होते, म्हणजे वजन हजारपट. दहा निऑनच्या शंभरपट ऐवज एकट्या ऑस्करचा, आणि घाणही त्याच मानाने. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात, पण त्यांनाही मर्यादा असते. एका ऑस्करला ७५ गॅलन तरी लागतात. त्यातलं नुसतं पाणीच सव्वासहाशे पाउंड भरतं. मी दिवाणखान्याखालच्या तुळया मोजून आलो आणि गप्प बसलो.

म्हणजे बकूला दुसरं घर बघणं आलं. अडचण होती ती आईची.

इथे ज्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी आठला आम्ही चौघे बाहेर पडतो. घरात ती एकटी. रस्त्यावर माणूस दिसत नाही, टीव्हीवरचं इंग्रजी पळतं, आणि भारतात फोन करावा तर तिकडे रात्र पडत आलेली. बकू तिला ओळखायला लागला होता. ती स्वयंपाकघरातून आली की काचेला येऊन डोलायचा. आम्ही गेलो तर फक्त बघायचा. ती त्याला मटार उकडून, सोलून, एकेक घालायची आणि काय काय सांगायची, ते तिचं तिला ठाऊक. एकदा मी दुपारी लवकर घरी आलो, तर जिन्यातच तिचा आवाज ऐकू आला. ‘अरे, तुझं तरी बरं आहे, तुला सवय आहे पेटीत राहायची.’ मी परत गाडीत जाऊन दहा मिनिटं बसलो.

दुसरा एंजल ऑगस्टमध्ये गेला. त्या रात्री विषय निघाला. आई म्हणाली, ‘मागच्या तळ्यात सोडून दे. जीव तरी जगेल, पुण्य लागेल. गणपती विसर्जन करतोच ना आपण?’ जन्मभर जिने मरळीचं कालवण केलं, तिच्या तोंडून हे ऐकून बायकोला हसू आवरेना. पण आईचा हेतू साफ होता, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हेच येतं.

मग मी तिला क्रॉफ्टनची गोष्ट सांगितली. हे गाव आमच्यापासून अर्ध्या तासावर, मेरीलँडमध्येच. तिथल्या एका माणसाने बहीण आजारी म्हणून, तिच्यासाठी सूप करायला, न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत स्नेकहेड मासे आणवले. स्नेकहेड म्हणजे आपल्या मरळीची चुलतबहीणच. मासे येईपर्यंत बहीण बरी झाली. त्याने ते टँकमध्ये पाळले, फार मोठे झाले, तेव्हा गावातल्या तळ्यात सोडून दिले. २००२ च्या उन्हाळ्यात एका गळवाल्याला त्यातला एक सापडला. शोध घेतला तर हजाराहून अधिक पिल्लं! सप्टेंबरमध्ये सरकारने तळ्यात विष घालून झाडून सगळे मासे मारले, इथले मूळचेसुद्धा. मुदत उलटून गेली होती म्हणून त्या माणसावर खटला झाला नाही. त्याच वर्षी अख्ख्या मरळ कुळाच्या जिवंत आयातीवर अमेरिकेने बंदी घातली. पुढे २००४ मध्ये पोटोमॅक नदीतही स्नेकहेड निघाले, आणि आता ते तिथले कायमचे रहिवासी आहेत.

‘पण हा काही मरळ नाही,’ आई म्हणाली.

नाही, हा सिक्लिड. म्हणजे कुणाच्या नात्यातला? चिलापीच्या. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला थांबून आपण जी तळलेली चिलापी खातो, ती मूळची आफ्रिकेतली. तिलापिया भारतात आणला १९५२ साली. उजनीचं धरण झालं आणि चिलापीने तिथे बस्तानच बसवलं. आई क्षणभर थांबली. तिला धरणाच्या आधीची भीमा आठवत होती. ‘तेव्हा वांब यायची, शिंगटा यायचा. आता बाजारात जावं तर चिलापीशिवाय दिसतं काय?’ यापुढे मला काही समजवावं लागलं नाही. राहता राहिला बकूचा प्रश्न. पाणी पंचावन्न डिग्री फॅरनहाइटच्या आसपास उतरलं की ऑस्कर मरतो. मेरीलँडमध्ये सोडला तर थंडी लागताच संपला असता. फ्लोरिडात सोडला तर जगला असता, आणि तेही वाईटच. एव्हरग्लेड्सच्या कालव्यांत असेच सोडलेले ऑस्कर पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत.

मग स्थळं बघायला सुरुवात केली. दुकान परत घ्यायला तयार होतं, पण त्यांचा टँक आमच्याहून लहान. एका गृहस्थांनी उत्साहाने फोन केला. त्यांच्याकडे गप्पी होते! शेवटी मत्स्यपालकांच्या एका क्लबच्या मासिक बैठकीला गेलो. सगळे निवृत्त, सगळे बोलके, आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेसारखंच वातावरण, फक्त भांडणं पीएचवरून. तिथे एका आजोबांचं स्थळ मिळालं. १२५ गॅलनचा टँक, त्यात सहा सिल्व्हर डॉलर, एक सेव्हेरम आणि तळाशी फूटभर प्लेको.

त्यांनी मला पत्रिका जुळवायला शिकवलं. पहिला गुण तोंडाचा. जो तोंडात मावतो तो सोबती नव्हे, जेवण. सिल्व्हर डॉलर ताटलीसारखा उभट असतो, मावत नाही, शिवाय शाकाहारी आणि घोळक्याने राहणारा. दुसरा गुण जागेचा. सिक्लिड अन्नासाठी जितका भांडतो, तितकाच हद्दीसाठी. काहींच्या नावातच इशारा असतो: जॅक डेम्प्सी हा मासा १९१९ ते १९२६ हेवीवेट जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याच्या नावाचा, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? नवा पाहुणा आणायच्या दिवशी आजोबांनी टँकमधले सगळे दगड आणि ओंडके हलवून नव्याने मांडले, म्हणजे जुन्यांचीही हद्द पुसली गेली. मध्ये ट्यूबलाइटखाली लावतात ती प्लास्टिकची चौकटी जाळी बसवली. आठवडाभर नुसती नजरानजर, मग दिवे घालवून जाळी काढायची. माझ्या ऑफिसात दोन विभाग एकत्र केले, तेव्हा एवढाही विचार कुणी केला नव्हता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बकूला झाकणाच्या बादलीतून नेलं. आई मागच्या सीटवर, बादलीवर हात ठेवून. नव्या पाण्यात सोडल्यावर तो थेट तळाला गेला आणि कुशीवर आडवा पडला. ‘गेला रे!’ आई ओरडली. आजोबा हसले. ऑस्कर रुसला की असाच झोपतो म्हणे. मग त्यांनी तिला, म्हणजे माझ्यामार्फत, विचारलं की हा खातो काय. आईने पर्समधून मटारांचा डबा काढला. ‘सोलून द्यायचे, नाहीतर थुंकतो.’ त्यांनी ते लिहून घेतलं.

दोन आठवड्यांनी आई परत गेली. आजोबा महिन्याला एक फोटो पाठवतात, तो मी तिला पुढे पाठवतो.

आमच्या टँकमध्ये आता सहा कोरीडोरास आणि आठ झेब्रा डॅनियो आहेत. दोन्ही थव्याने राहणारे, म्हणून एकेकटा आणला नाही. सगळे मवाळ, एकाच तापमानाचे, सगळ्यांची तोंडं बारकी. डॅनियो तर भारतातल्याच ओढ्यांतला. गेल्या रविवारी आईला व्हिडिओवर दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ‘छान आहेत,’ म्हणाली, ‘पण हे माझ्याकडे बघत नाहीत रे.’