पडदा काळा झाला म्हणजे यंत्र गेले नव्हे

धान्याचा नमुना मुठीत घेतल्याखेरीज, कापडाचा पोत चिमटीत धरल्याखेरीज व सोने कसोटीवर घासल्याखेरीज आपला व्यापारी भाव बोलत नाही. पारख हाच त्याचा धंदा आहे. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ, दुकानातील लॅपटॉपचा पडदा एके सकाळी काळा दिसताच, कसलीही परीक्षा न करता "यंत्र गेले" असा निकाल देऊन मोकळा होतो. ही उतावीळ आपल्या परंपरेस शोभणारी नाही व खिशासही परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिनांक १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहानमोठ्या पेढ्यांचा रोजमेळ, खतावणी, बिले व मालसाठ्याची नोंद हळूहळू या यंत्रात गेली. दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर आता वह्यांशेजारी लॅपटॉपही दिसू लागला आहे. दरमहा विवरण भरणाऱ्या पेढीस वीस तारीख चुकवून चालत नाही, आणि वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. अशा वेळी अठरा तारखेस पडदा मावळला, तर घाबरगुंडी उडावी हे स्वाभाविक आहे. परंतु त्या घाबरगुंडीत कोणी नवे यंत्र विकत घेऊन जुने, साऱ्या उधारीच्या खात्यांसह, भंगारात देतो. तर कोणी पहिल्या भेटलेल्या कारागिराच्या सांगण्यावरून संपूर्ण पडद्याचे पैसे मोजतो.

मूळ गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे ती ही की, हिशेब पडद्यात नसतात. पडदा ही केवळ खिडकी आहे. खिडकी बंद झाली म्हणून घरातील माल नाहीसा होत नाही.

आपल्या धर्माने अनेकान्ताची शिकवण दिली आहे. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहिल्याखेरीज तिच्याविषयी अखेरचे मत देऊ नये, हे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. पडद्यावरील अंधार एकच. त्याची कारणे मात्र निरनिराळी, आणि त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक.

प्रथम यंत्रात प्राण आहे की नाही हे पाहावे. दिवा लागतो का, पंख्याचा आवाज येतो का, कॅप्स लॉकची कळ दाबली असता तिचा दिवा लागतो व विझतो का? तसे होत असेल तर यंत्र बहुधा जागे आहे. मग प्रकाश वाढविण्याची कळ दाबून पाहावी. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबल्या असता चित्र कोणत्या पडद्यावर दाखवावे याची निवड करता येते. तेथे चुकून 'केवळ दुसरा पडदा' अशी निवड झालेली असली, तर अंगचा पडदा काळाच राहतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्यास चित्रप्रणाली नव्याने सुरू होते. एवढ्याने भागले नाही, तर चार्जर व जोडलेली सारी साधने काढून चालू करण्याचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. यास एक पैसाही लागत नाही. सुरुवातीस कंपनीचे चिन्ह उमटते व विंडोज सुरू होताच अंधार पसरतो, असे आढळल्यास पडदा शाबूत असून दोष बहुधा प्रणालीत आहे.

नंतर खोलीत काळोख करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरका टाकावा. आत पुसट अक्षरे दिसली तर चित्र तयार होत आहे, केवळ मागचा उजेड गेला आहे, असे समजावे. ओलेड जातीच्या पडद्यास मात्र ही कसोटी लागू नाही, कारण त्यास मागून उजेड लागतच नाही. झाकण हळूहळू हलविताना एखाद्या कोनात चित्र उमटत असेल, तर बिजागरीतून जाणारी बारीक केबल झिजली असण्याचा संभव अधिक. आणि केबलची किंमत पडद्याच्या मानाने पुष्कळच कमी असते. झाकण मिटल्याची खूण यंत्रास लोहचुंबकावरून कळते. त्यामुळे एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला असता, अथवा चुंबक असलेले मोबाईलचे पाकीट जवळ ठेवले असता, निरोगी यंत्रही निद्रिस्त होते. काच तडकून शाईसारखा डाग पसरला असेल तर मात्र पडदा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वांत मोलाची कसोटी बाहेरच्या पडद्याची. घरातील दूरदर्शन संचास एचडीएमआय केबलने यंत्र जोडावे. तेथे चित्र स्वच्छ दिसले, तर मदरबोर्ड बहुधा ठीक असून दोष पडदा, केबल अथवा झाकणाच्या खुणेत असण्याचा संभव अधिक. तेथेही अंधारच असेल, तर दोष स्मृतिपट्टीत किंवा मदरबोर्डात असू शकतो. अशा वेळी नवा पडदा बसवून काहीच साधणार नाही. चित्र दिसताच पहिले काम एकच: सारे हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे. त्यानंतर त्याच दूरदर्शन संचावर विवरणही भरता येते आणि दुरुस्ती सवडीने करता येते.

कारागिराकडे जाताना ही परीक्षा सांगावी, दोष कोणता ते लेखी घ्यावे व बदललेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक कारागीर यास नाराज होत नाही. उलट त्याचाही वेळ वाचतो. अलीकडच्या अनेक यंत्रांतील माहिती कुलूपबंद असते आणि मदरबोर्ड बदलल्यास ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती किल्ली आधीच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

यावर कोणी म्हणेल की, व्यापाऱ्याने गल्ला सांभाळावा की विजेरी घेऊन बसावे? त्यास आमचे उत्तर असे की, दुरुस्ती कारागिरानेच करावी. यंत्र उघडण्याच्या फंदात आपण पडू नये. परंतु कोणत्या गोष्टीचे पैसे आपण देत आहो, हे ओळखणे हे व्यापाऱ्याचेच काम आहे. शिवाय अपरिग्रहाचे व्रत व्याख्यानात ऐकायचे आणि एका केबलपायी चालते यंत्र टाकून द्यायचे, ही विसंगती आहे. जुन्या पडद्यांतील दिव्यांत पारा असे. अशा वस्तू उकिरड्यावर गेल्या तर जीवांस अपाय होतो, याचा विचार अहिंसा मानणाऱ्याने करावयास हवा. दिनांक १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम अमलात आले आहेत. यंत्र खरोखरच निकामी ठरले तर त्यातील हिशेबाची चकती काढून घेऊन, उरलेले नोंदणीकृत संस्थेच्याच हवाली करावे.

शेवटी एक सूचना संघापुढे ठेवतो. संघाच्या कार्यालयात एक साधा बाहेरचा पडदा, दोन-तीन प्रकारच्या केबली व एक पेन ड्राइव्ह सभासदांच्या अडचणीसाठी ठेवावा. खर्च थोडा आहे. परंतु अठरा तारखेस ज्याचा पडदा मावळेल, त्या सभासदास त्याचे मोल कळेल. नूतन कार्यकारिणीने येत्या वर्षी याचा विचार करावा, अशी विनंती आहे.