विश्लेषण : औषधाला गुण आला, हे ठरवायचे कसे?

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा प्रामुख्याने मुलग्यांना होणारा दुर्मिळ जनुकीय आजार. स्नायूंची ताकद घटत जाते आणि उपचार नसतील तर साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणे थांबते. औषध उपयोगी आहे की नाही, हे मुलाचे काय मोजले यावर ठरते.

मोजतात कसे?

चालू शकणाऱ्या मुलांसाठी 'नॉर्थ स्टार' ही मोजपट्टी वापरतात. खुर्चीतून उठणे, एका पायावर उभे राहणे, धावणे अशा १७ कृती. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण ३४.

२०२३ मध्ये काय झाले?

'एलेव्हिडिस' या जनुकीय उपचाराची ४ ते ७ वर्षांच्या १२५ मुलांवर चाचणी झाली. वर्षभरात उपचार घेतलेल्यांचे सरासरी २.५७ गुण वाढले, न घेतलेल्यांचेही १.९२ वाढले, कारण या वयात आजार असूनही मूल नव्या गोष्टी शिकत असते. फरक इतका किरकोळ की मुख्य कसोटीवर उपचार नापास ठरला. मात्र जमिनीवरून उठायला आणि १० मीटर चालायला लागणारा वेळ कमी झालेला दिसला. २०२४ मध्ये अमेरिकेने उपचाराची परवानगी चालू न शकणाऱ्यांपर्यंत वाढवली. पण २०२५ मध्ये अशाच दोन रुग्णांचा उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला.

सिंधुदुर्गात काय मोजायला हवे?

मालवणकडच्या घरात मूल खाली बसून जेवते, जांभ्याच्या पायऱ्या चढते, वाळूतून चालते. इथे जमिनीवरून उठणे ही १७ कृतींपैकी एक नाही, दिवसभराची गरज आहे. दवाखान्याच्या सपाट फरशीवर हे सगळे दिसत नाही. चालणे थांबल्यावर तर घास तोंडापर्यंत नेता येणे, पेन धरता येणे हेच महत्त्वाचे. त्यासाठी हातांची वेगळी मोजपट्टी आहे.

आणखी एक पद्धत १९६८ पासून आहे. मूल आणि पालक स्वतःच उद्दिष्ट ठरवतात, मग प्रगतीला उणे २ ते अधिक २ गुण देतात. अडचण अशी की, सोपे उद्दिष्ट धरले तर गुण फुगतात आणि दोन मुलांची तुलना अवघड होते. म्हणून दोन्ही प्रकार सोबत वापरणे शहाणपणाचे.

पालकांच्या हातात काय?

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणानुसार निवडक केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक, पण ते मालवणपासून सुमारे ५०० किलोमीटरवर. रात्रभर प्रवास करून दमलेल्या मुलाची त्या दिवशीची चाचणी खरे चित्र दाखवेलच असे नाही.

त्यामुळे घरची नोंद कामाची. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी मूल जमिनीवरून उठताना मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा आणि किती सेकंद लागले ते तारखेसह लिहावे. कोणती कामे आता मदतीशिवाय होत नाहीत, तेही टिपावे. तपासणीला जाताना ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी.